उशाशी ठेवलेलं तसराळं

मी एक तसराळं. पांढऱ्या एनॅमलचं, निळ्या काठाचं, पसरट तोंडाचं. माझ्याकडे आनंदानं कुणी बघत नाही. माणूस मला दोन्ही हातांनी धरतो, डोळे मिटतो आणि मान खाली घालतो. म्हणून माणसांचे चेहरे मी फार जवळून पाहिले, पण बहुतेक मिटल्या डोळ्यांचेच.

कारखान्यात पातळ पत्र्याला ठोकून ठोकून मला खोलगट केलं, वर काचेचा लेप चढवला आणि भट्टीत सारलं. बाहेर आलो तेव्हा इतका लखलखीत होतो, की वाटलं, आपल्यात फुलं ठेवतील, निदान फळं तरी. माझी काही भावंडं पीठ मळायला गेली, काही हात धुवायला. मी दवाखान्यात गेलो. ज्याचं त्याचं नशीब.

दवाखाना एका डॉक्टरीणबाईंचा होता. रस्त्याच्या वळणावर, दोन खोल्यांचा. बाहेर बाकडं, आत तपासायचं टेबल, मागच्या खोलीत दोन खाटा आणि सलाईन टांगायला भिंतीत खिळे. बाई अंगानं बारीक, आवाजानं जाड. पोट बिघडलेली माणसं त्यांच्याकडे लांबून येत, कारण औषध देण्याआधी त्या फार प्रश्न विचारत आणि उत्तरं मिळाल्यावरही त्यांच्यावर विश्वास ठेवत नसत.

"बाहेरचं काही खाल्लंत?"

"छे, बाई. परवापासून घरचंच."

बाई माझ्यात डोकावत. "घरी एवढी टोमॅटोची सालं घालतात होय?"

माणूस ओशाळून हसे. मग बाई त्याची जीभ बघत, पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडत, ती किती सावकाश बसते ते पाहत, लघवी कधी झाली विचारत. माझ्यात हिरवं पडलं तर त्यांचा चेहरा बदले. कॉफीच्या गाळासारखं पडलं तर त्या उठून थेट मोठ्या इस्पितळाची गाडी बोलावत. पण बहुतेकांना त्या इतकंच सांगत, उलटी झाली तर थोडं थांबायचं आणि मग घोटघोट पाणी प्यायचं. साखर-मिठाचं. आणि कुणी पाणी करायला निघालं की मागून ओरडून सांगत, "आधी स्वतः चाखायचं. डोळ्यांतल्या पाण्याइतकं खारट, त्याहून जास्त नाही. जास्त झालं तर मोरीत ओता, पाजू नका."

मलाही चव कळते. हे कुणाला माहीत नाही. पोटातून जे परत येतं, त्याची पहिली ओळख मला होते. भीतीनं झालेली उलटी आंबट आणि पातळ असते. शिळ्या अन्नाची जड असते. पोटुशी बाईची सकाळची उलटी जवळजवळ पाण्यासारखी, निष्पाप. हे सगळं मला बोलता आलं असतं तर बाईंचे निम्मे प्रश्न वाचले असते.

असेच दिवस चालले होते, आणि एके दिवशी बाईंनी मला दोन बहिणींच्या घरी उसनं दिलं.

त्या बहिणी एका कुलूपवाल्याच्या दुकानावरच्या खोल्यांत राहत. लाकडी जिना चढून गेलं की एक खोली, तिच्यात खिडकीशी पलंग, पलंगासमोर शिवणाचं मशीन, पलीकडे स्वयंपाकघर. थोरली पन्नाशीची. शाळेचे गणवेश शिवून द्यायची. धाकटी तिच्याहून बारा-तेरा वर्षांनी लहान, मुक्या-बहिऱ्या मुलांना शिकवायचं शिक्षण घेतलेली. आई गेली तेव्हा धाकटी पाळण्यात होती. थोरलीनं तिला वाढवलं, शिकवलं, आणि स्वतःचं लग्न, घर, सगळं बाजूला ठेवलं. गल्लीत कुणी मुलीला रागावलं की म्हणायचं, "त्या वरच्या ताईकडे बघ, बहिणीसाठी जन्म वेचला तिनं."

धाकटीला दुसऱ्या गावातल्या शाळेत नोकरी लागली होती. राहायची खोलीही शाळाच देणार होती. निघायच्या दिवशी सकाळी चहा घेतला, केस विंचरले, आणि तिच्या पोटात मुरडा उठला. मग जुलाब, मग उलट्या. बस गेली. थोरली धावत दवाखान्यात आली, घाबरलेली, पदर डोळ्यांना लावलेला. बाईंनी औषध दिलं, पाणी कसं करायचं ते सांगितलं आणि मला तिच्या हाती ठेवलं. "बरं वाटलं की आणून द्या," म्हणाल्या.

थोरलीसारखी शुश्रूषा मी कुठं पाहिली नाही. मला पलंगाशेजारच्या स्टुलावर ठेवायची. धाकटीला उमासा आला की तिच्या कपाळावर एक हात, पाठीवर दुसरा. "येऊ दे, येऊ दे. झालं हं. अजून येतंय?" असं इतक्या मऊ आवाजात म्हणायची, की आजारी नसलेल्यालाही आजारी पडावंसं वाटावं. मग मला उचलून मोरीत न्यायची, राखेनं घासायची, कोरड्या फडक्यानं पुसायची. माझ्या निळ्या काठावरून बोट फिरवून बघायची आणि पुन्हा स्टुलावर ठेवायची. त्या वेळी तिच्या चेहऱ्यावर जे दिसायचं, ते मला दवाखान्यातल्या कुणाच्याही नातेवाइकाच्या चेहऱ्यावर दिसलं नव्हतं. थकवा नव्हता, काळजीही नव्हती. समाधान होतं.

धाकटी बरी झाली. शाळेनं मुदत वाढवून दिली. थोरलीनं मला परत नेलं नाही. "राहू दे, लागलं तर," असं स्वतःशीच म्हणाली.

आणि लागलंच.

दुसऱ्यांदा धाकटीची पेटी भरून दाराशी ठेवलेली होती. भर दुपार होती. खालच्या दुकानात कुलूपवाला किल्ली घासत होता, त्याचा कर्रकर्र आवाज जिन्यातून वर येत होता. मशीन बंद होतं. थोरली स्वयंपाकघरात होती. मला स्टुलावरून स्वयंपाकघराच्या दाराची फट दिसायची. ती ओट्याशी पाठमोरी उभी होती आणि ग्लासात चमचा फिरवत होती. हळू, एका लयीत. गुणगुणत होती. पाळणा म्हणतात तसं काहीतरी, पण शब्द नव्हते. गुणगुणणं थांबलं, तरी चमचा फिरतच राहिला.

दूध घेतल्यावर थोड्याच वेळात धाकटी पलंगावर आडवी झाली. माझ्यात जे पडलं त्यात दुधाच्या मागे एक कडवट चव होती. ती मला ओळखीची होती. दवाखान्यात बद्धकोष्ठाच्या रोग्यांना बाई ज्या गोळ्या देत, त्यांची. थोरली कित्येक वर्षं त्या गोळ्या नेत होती, पोट साफ होत नाही म्हणून.

मला ओरडायचं होतं. पत्र्याला कुणी ठोकलं तरच आवाज येतो.

त्यानंतर तिनं पाणी केलं. साखर-मिठाचं, बाईंनी सांगितलेलं. उशाशी बसून चमच्यानं पाजू लागली.

"ताई, फार खारट आहे गं."

"औषध आहे. घे."

"तू चाखलंस?"

थोरली हसली. "मला कुठं उलट्या होतायत?"

धाकटीनं तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग तोंड उघडलं आणि चमचा आत घेतला.

ते पाणी माझ्यात परत आलं तेव्हा मला कळलं. समुद्र मी पाहिलेला नाही, पण तो असाच लागत असणार.

त्या खेपेलाही ती कशीबशी सावरली. शाळेचं पत्र आलं, की आता शेवटचं थांबतो. धाकटीनं उत्तर पाठवलं, येते म्हणून. तिसऱ्यांदा पेटी भरली आणि तिसऱ्यांदा ती पलंगावर पडली. या वेळी दुखणं हटेना. ओठांना भेगा पडल्या, जीभ टाळ्याला चिकटू लागली. तहान तहान करायची आणि थोरली पाणी पाजायची. जितकं पाजायची तितकी तहान वाढायची. मग धाकटी असंबद्ध बोलायला लागली. समोर मुलं बसली आहेत असं समजून हातांनी खुणा करायची, बोटांनी हवेत शब्द काढायची. ते शब्द मला कळत नव्हते. थोरलीलाही कळत नव्हते. ती मान डोलवायची आणि म्हणायची, "हो गं हो, सगळं खरं."

कुलूपवाल्यानं खालून हे ऐकलं असावं. थोरली कुणाला बोलवायला गेली नव्हती, म्हणून तो स्वतःच दवाखान्यात गेला. बाई दुपारच्या उन्हात चालत आल्या, जिना चढून धापा टाकत पलंगाशी बसल्या. नाडी पाहिली, डोळ्यांच्या पापण्या ओढून पाहिल्या. धाकटीच्या हातापायाचे स्नायू आपोआप उडत होते, ते पाहिलं. मग माझ्यात डोकावल्या आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"किती पाणी पाजलंत?"

"सारखं पाजतेय, बाई. घोटघोट. तुम्ही सांगितलं तसं."

"एवढं पाणी पोटात गेलं तर माणूस असा सुकत नाही." बाईंनी स्टुलावरचा अर्धा ग्लास उचलला. "हेच का ते?"

"हो."

बाईंनी तो ओठाला लावला.

 खाली कुलूपवाल्याची कानस थांबली होती. बाईंनी घोट तोंडात धरून ठेवला, मग वाकून माझ्यात थुंकल्या. ओठ पुसले. थोरलीकडे पाहिलं.

"हे पाणी तुम्ही केलंत?"

"मीच. दुसरं कोण करणार?"

"चाखलंत?"

"रोग्याचं औषध निरोग्यानं चाखू नये," थोरली म्हणाली. अगदी शांतपणे, लहान मुलाला समजवावं तसं. "तिला जरा कडकच लागतं, बाई. हलक्यानं तिला गुण येत नाही. मला माहीत आहे ना."

 माणसं खोटं बोलतात ते बाईंना सवयीचं होतं. पण ही खोटं बोलत नव्हती. त्यांनी खिडकीतून खाली हाक मारली. कुलूपवाला वर आला. धाकटीला चादरीत गुंडाळून त्यानं खांद्यावर घेतलं. वाटेत उलटी झाली तर म्हणून मला बाईंनी काखेत मारलं. थोरली मागून जिना उतरत म्हणत होती, "सांभाळून हं, तिच्या पोटाला धक्का लावू नका."

मागच्या खोलीतल्या खाटेवर धाकटी बरेच दिवस होती. बाई तिला पाणी देत, पण बेतानं, अगदी थेंबाथेंबानं. कंपाउंडरनं विचारलं, एवढी सुकलीय तर सलाईन जोरात का नाही सोडत. बाई म्हणाल्या, "मीठ चढलंय ते घाईनं उतरवलं तर मेंदूच सुजेल. जसं चढलं तसंच हळूहळू उतरू दे."

बाहेरच्या बाकड्यावर थोरली रोज येऊन बसायची. हातात डबा. बाई डबा आत येऊ द्यायच्या नाहीत. थोरली त्याबद्दल तक्रार करत नसे. संध्याकाळी तसाच भरलेला डबा घेऊन घरी जायची.

धाकटी शुद्धीवर आली, बोलू लागली, तेव्हा बाईंनी खाटेशी खुर्ची ओढली. मी खाटेखाली होतो.

"तुला एक सांगायचंय," बाई म्हणाल्या. "ऐकायला बरं वाटणार नाही."

"मला माहीत आहे, बाई."

"काय माहीत आहे?"

"पहिल्या वेळी नाही कळलं. दुसऱ्या वेळी पहिल्या चमच्यालाच कळलं." धाकटी छताकडे बघत बोलत होती. "आई गेली ना, तेव्हा तिला असंच झालं होतं. जुलाब, उलट्या. ताई तेरा वर्षांची होती. तीच उशाशी बसायची. शेजारच्या सांगायच्या, आईला ताईशिवाय कुणाचा हात लागलेला चालायचा नाही. आई त्याआधी तिच्याशी कधी दोन शब्द नीट बोलली नव्हती म्हणे. त्या आठ-पंधरा दिवसांत बोलली."

"मग तू कळूनही प्यायलीस?"

"माझं काही दुखलं-खुपलं नाही, तर ताईला माझ्याशी काय बोलावं ते कळत नाही. चांगल्या दिवसांत आमच्या घरात फक्त मशीन बोलतं. आजारी पडले की ती माझ्या केसांतून हात फिरवते." मग ती म्हणाली, "आणि मलाही जायची भीती वाटायची. ती मला माझ्यासाठीच थांबवतेय, असं वाटायचं. बरंच वाटायचं, बाई."

इतकी वर्षं माझ्यात माणसांनी पोटातलं सगळं ओतलं होतं. यासारखं काही पडलं नव्हतं.

बाईंनी तिचा हात धरला. "ऐक. पुढच्या वेळी मला यायला उशीर झाला, तर तुझं हृदय बंद पडेल. ती तुझ्या केसांतून हात फिरवतच असेल. तिला कळणारही नाही. तिला तुला मारायचं नाहीये, म्हणून तर हे जास्त भयंकर आहे. मारणारा कधीतरी थांबतो."

"ताईचं काय?"

"ती माझी रोगी. आजपासून. तुझं उलटीचं दुखणं बरं झालंय, तिचं कसलंतरी आता सुरू झालंय. तू इथूनच बसला बसायचं. घरी जायचं नाही."

शाळेला बाईंनी स्वतः फोन केला. कुलूपवाल्यानं पेटी आणून दिली. निघायच्या दिवशी थोरली बाकड्यावर होती, मांडीवर इस्त्री केलेल्या कपड्यांची घडी. तिनं ती धाकटीच्या हातात दिली. धाकटीला रडू येत होतं. थोरलीला येत नव्हतं.

"पोहोचलीस की कळव. पोटाला जप. तुझं पोट नाजूक आहे."

"हो, ताई."

धाकटी वळणावरून दिसेनाशी झाली. थोरली उठली, आतल्या खोलीत गेली आणि खाटेखालून मला उचललं. "हे आमच्याकडचं," कंपाउंडरला म्हणाली. कंपाउंडर अडवायला निघाला, पण बाईंनी मानेनंच नको म्हटलं. त्यांना काय वाटलं असेल ते मला सांगता येत नाही.

त्यानंतरचे दिवस मी कुणाला सांगितले नसते. पण सुरुवात केलीच आहे.

थोरलीनं मला पुन्हा पलंगाशेजारच्या स्टुलावर ठेवलं. पलंगावर स्वच्छ चादर, उशीवर मधोमध खळगा. तो ती मुठीनं करायची. दुपारी मशीन थांबवून ती पलंगाशी येऊन बसायची, एक हात उशीच्या वर हवेत धरायची, कपाळ असेल त्या उंचीवर, आणि दुसरा हात त्याखाली गोल गोल फिरवायची. "येऊ दे, येऊ दे. झालं हं. अजून येतंय?" मी कोरडा असायचो. ती मला मोरीत न्यायची, राखेनं घासायची, पुसायची. काठावरून बोट फिरवून बघायची. मग ग्लासात चमचा ढवळायला स्वयंपाकघरात जायची.

ते पाणी ती उशीला पाजत नव्हती. इतकी वेडी ती नव्हती. ग्लास स्टुलावर ठेवून वाट बघायची, आणि ऊन खिडकीतून निघून गेलं की स्वतः पिऊन टाकायची. वाया जायला नको म्हणून.

बाई तिला बघायला येत. पहिल्यांदा आल्या तेव्हा थोरलीनं दारातच बोटानं गप्प राहायची खूण केली. "आत्ताच डोळा लागलाय तिचा," कुजबुजली.

बाई दारात उभ्या राहिल्या. रिकामा पलंग पाहिला, उशीचा खळगा पाहिला, मला पाहिलं. मी त्यांना कित्येक वर्षं ओळखतो. त्यांच्या हातावर काटा आलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. मग त्या चपला काढून आत आल्या, पलंगावर नेमक्या त्या खळग्याशेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "तिला झोपू दे. आधी तुमची जीभ बघू."

"माझी? मला काय झालंय?"

"बघू तर."

थोरलीनं जीभ दाखवली. पांढरी, कोरडी होती. बाईंनी तिच्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली. बाईंनी ग्लासातलं पाणी मोरीत ओतलं, दुसरं केलं, आधी स्वतः चाखलं आणि थोरलीच्या ओठांना लावलं. थोरलीनं घोट घेतला. तिचा चेहरा कसनुसा झाला.

"काहीच चव नाही याला," ती म्हणाली. आणि बाईंच्या खांद्यावर कपाळ टेकून रडायला लागली. तिला उमासे येत होते, बाई तिची पाठ चोळत होत्या, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मी थोरलीचा चेहरा जवळून पाहिला. डोळे मिटलेला.

बाईंनी तिला मनाच्या डॉक्टरांकडेही नेलं. औषधं सुरू झाली. त्या घरातून बद्धकोष्ठाच्या गोळ्या गेल्या, आणि मिठाची बरणी कुलूपवाल्याच्या बायकोकडे गेली. ती रोज लागेल तेवढं चिमूटभर वर आणून द्यायची आणि वाटेत कुणी विचारलं तर म्हणायची, "आमच्याकडे कुलपंच काय, मीठसुद्धा सांभाळायला मिळतं." हळूहळू उशीवरचा खळगा बंद झाला. मशीन सुरू झालं.

धाकटी सुट्टीत येते. नोकरीत रमली आहे, अंगानं भरली आहे. येताना पाण्याची बाटली घेऊन येते, स्वतःची. दाराजवळच्या खुर्चीत बसते. तहान लागली की बाटली उघडते. थोरली ते बघते. गणवेशांची काजं करत राहते.

गेल्या सुट्टीत मात्र थोरली उठली आणि ग्लासभर पाणी आणून धाकटीपुढे ठेवलं. साधं. धाकटी त्याच्याकडे बघत राहिली. तिची बोटं मांडीवरच हलली, कुणाला तरी काही सांगत असल्यासारखी. थोरलीनं ग्लास उचलला, अर्धा प्यायली आणि पुन्हा तिच्यापुढे ठेवला. धाकटीनं उरलेलं पाणी पिऊन टाकलं. मग दोघी खिडकीशी बसून राहिल्या, दिवे लागेपर्यंत. कुणी कुणाच्या केसांतून हात फिरवला नाही. मी स्टुलावर तोंड वासून तयार होतो. मला उचलायची वेळ आली नाही.

धाकटी गेल्यावर थोरलीनं मला पुसलं, कोरडा होतो तरी पुसलं, आणि पलंगाखाली पालथं घातलं. तेव्हापासून मी पालथाच आहे. काठाचा निळा रंग उडालाय, तळाशी एनॅमलचा टवका गेलाय, तिथं गंज चढतोय. आता मला काही दिसत नाही, ऐकू मात्र येतं. मशीन, जिना, खालची कानस. आणि एखाद्या दुपारी स्वयंपाकघरातून चमच्याचा आवाज. ग्लासात कुणीतरी काहीतरी ढवळतं, हळू, एका लयीत. चहाच असेल. साखर ढवळायलाही तसाच आवाज येतो. मला इथून चव घेता येत नाही.

तुमच्यापैकी कुणी त्या कुलूपवाल्याच्या दुकानावरून गेलात, तर जिना चढून वर जा. गणवेश शिवायचा नसला तरी जा. चांगल्या प्रकृतीनं जा, आणि तिला सांगा की आम्हाला काही झालेलं नाही, सहज आलो. ती गोंधळेल, काय बोलावं ते तिला सुचणार नाही. तरी बसा. तिनं पाणी दिलं तर प्यायचं की नाही, ते मी सांगू शकत नाही. पण घाईनं उठू नका.